टनामागे ९ ग्रॅम सोनं आणि तुमचे ८ लाख

सिन्नरच्या एक निवृत्त शिक्षिका विचारतात: ‘निवृत्तीचे ३० लाख हातात आहेत, पेन्शन सुरू झाली आहे. कॅनडातला भाचा तिथल्या एका छोट्या खाणशोध कंपनीचे शेअर घ्यायला सांगतोय. कंपनीकडे सोन्या-चांदीची जागा आहे आणि १९८० नंतर तीन कंपन्यांनी तिथे शोध घेतलाय. भाच्याच्या नावावर ८ लाख गुंतवू का? सोनं वाढतंय, मग हेही वाढेलच ना?’

ताई, माझ्या मते गुंतवू नका. पेन्शनमध्ये तुमचं घर चालतं, डोक्यावर कर्ज नाही, म्हणजे हे पैसे बुडाले तरी तुम्ही उघड्यावर पडणार नाही. पण दोन वर्षांत मुलाच्या नाशिकरोडच्या फ्लॅटसाठी १५ लाख द्यायचे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. ते बाजूला काढले की उरलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त तुम्ही एका डोंगरावर लावताय.

तुम्ही पाठवलेलं माहितीपत्रक मी नीट वाचलं. त्यात ठळक छापलंय: बोअर क्रमांक ६, १.२ मीटरमध्ये टनामागे ९ ग्रॅम सोनं, २१० ग्रॅम चांदी. आकडा चांगला आहे. मात्र सोन्या-चांदीच्या अशा जागी बहुधा ज्वालामुखीच्या उष्णतेनं तापलेलं पाणी खडकातल्या भेगांतून वर चढतं, दाब उतरला की उकळतं आणि त्या वेळी विरघळलेलं सोनं-चांदी गारगोटीबरोबर भेगेत साचतं. त्यामुळे धातू ठरावीक खोलीच्या पट्ट्यातच सापडतो. तिथेही शीर, म्हणजे धातू साचलेली भेग, कुठे हातभर रुंद, तर कुठे बोटभर. बोअर तिला तिरका छेदून गेला असेल, तर खरी जाडी १.२ मीटरपेक्षा कमी भरेल. आणि बोअर ६ नंतर पत्रकात थेट १२ येतो. मधल्या पाच बोअरमध्ये काय लागलं, ते आधी विचारा.

गारगोटी दिसली म्हणजे सोनं असेलच, असंही नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले स्फटिक तुम्ही मुलांना दाखवले असतील. आपल्या दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षं जुन्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत तेही खनिजं विरघळलेल्या पाण्यातूनच वाढले, पण या लाव्ह्यात सोन्याची खाण नाही.

शोधाचा इतिहास भाच्याला जमेची बाजू वाटतो. मला त्यात तीन कंपन्या निघून गेल्याचं दिसतं. कारण भावाचंही असू शकतं: जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलेलं सोनं १९९९ मध्ये २५० च्या आसपास आलं होतं. तसं असेल तर जागा वाईट ठरत नाही. पण सोनं पुन्हा चढल्यावरही तिसरी कंपनी सोडून गेली असेल, तर दोष भावाचा नाही.

पत्रकातला साठ्याचा अंदाज १९८६ चा, म्हणजे आजच्या नियमांआधीचा आहे. हे नियम का आले, ते बघा. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या बुसांगचा घोटाळा उघडा पडला. ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं निघालं. खडकाचा अर्धा भाग पडताळणीसाठी न ठेवता सगळाच दळला जात होता, म्हणून ते इतकी वर्षं खपलं. हजारो लोकांनी घेतलेला शेअर कवडीमोल झाला. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडात ४३-१०१ ही नियमावली आली. तिच्यानुसार पात्र तज्ज्ञाच्या जबाबदारीवर तांत्रिक अहवाल लागतो आणि जुना अंदाज आजचा साठा म्हणून सांगता येत नाही. हा अहवाल ‘सेडार प्लस’ या कॅनडातल्या कंपन्यांच्या कागदपत्रांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. भाच्याला तो काढायला सांगा आणि त्यातलं जागेच्या इतिहासाचं प्रकरण (सहावं) दोघांनी मिळून वाचा.

सोनं वाढलं की हा शेअर वाढेलच, असं नाही. कंपनीला कमाई नाही, पुढच्या प्रत्येक बोअरचा खर्च नवे शेअर विकून निघतो. धातू लागला तरी तोवर तुमचा वाटा पातळ होतो आणि खाण सुरू व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. शिवाय भाच्याच्या नावावरचे शेअर कागदोपत्री त्याचे. नात्यात पुढे कडवटपणा नको.

फ्लॅटचे १५ लाख दोन वर्षांच्या एफडीत ठेवा. सोन्याची हौस असेल तर २-३ लाख गोल्ड ईटीएफमध्ये (सोन्याच्या भावाशी जोडलेला, शेअरबाजारात मिळणारा फंड), हप्त्याहप्त्यानं. बाकीचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त झालात, त्यामुळे साठीआधी ही योजना घ्यायची तर निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांतच घेता येते. ग्रॅच्युइटी गेल्या महिन्यात जमा झाली म्हणता, तेव्हा याच आठवड्यात कागदपत्रं घेऊन पोस्टात जाऊन या.