पोळी सोडल्यावर केलेली तपासणी

प्रश्न: मी 34 वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते. तीन वर्षं झाली, पोट फुगतं, पातळ होते, सारखं तोंड येतं. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन साडेआठच्या वर जात नाही. डॉक्टर आधी ॲसिडिटी म्हणाले, मग "टेन्शन घेता" म्हणून मन शांत राहायची गोळी दिली. कुठेतरी वाचून चार महिन्यांपूर्वी पोळी बंद केली, बरंच बरं वाटलं. मग मागे लागून सिलियाकची (गव्हाने आतडं झिजतं त्या आजाराची) रक्ततपासणी करून घेतली, ती नॉर्मल आली. आता सासूबाई म्हणतात, "पोळीनं कधी कोणाचं काही बिघडते का?" नवरा म्हणतो, रिपोर्ट आला ना, संपव विषय. हे मनाचेच खेळ आहेत का? आणि हे समजेल असं एकही माणूस माझ्या ओळखीचं नाही.

उत्तर: ताई, पत्रातली खरी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: आधी पोळी बंद, मग तपासणी. टीटीजी-आयजीए ही सिलियाकची रक्ततपासणी ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, पोटात जात असताना शरीर जी प्रतिपिंडं बनवतं ती मोजते. ग्लुटेन थांबलं की ती काही महिन्यांत उतरतात. म्हणजे तुमचा रिपोर्ट खोटा नाही, पण त्यावरून सिलियाक नाही असंही ठरत नाही. शिवाय सोबत टोटल आयजीए पाहिलं होतं का? काही जणांच्या शरीरात आयजीए, म्हणजे प्रतिपिंडांचा हा प्रकारच, मुळात कमी असतो. त्यांची ही तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येते.

हिमोग्लोबिनचं म्हणाल, तर लोह मुख्यतः शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलियाकमध्ये सर्वांत आधी झिजतो तोच भाग. लोहाच्या गोळ्या टेन्शनने वाया जात नाहीत. (पाळीत रक्त फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तेही कारण असू शकतं.) मनाची गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका.

आता पोटविकारतज्ज्ञ गाठा. नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटीत हा विभाग आहे. सोबत एकच कागद न्या: हिमोग्लोबिनचे आकडे तारखांसह, वजन, पोळी कधी सोडली ती तारीख. आणि सरळ विचारा, "सिलियाक आहे की नाही हे पक्कं करायला मी पुन्हा गहू सुरू करू का, आणि किती दिवस?" साधारण उत्तर येईल रोज दोन पोळ्या, सहा ते आठ आठवडे. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अंदाजे अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. अगदीच झेपलं नाही तर निदान एक पोळी, दोन आठवडे. गरोदर असाल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर विचारल्याशिवाय सुरू करू नका. मग टीटीजी-आयजीए, टोटल आयजीए आणि गरजेप्रमाणे तपासणीसाठी दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे. तुकडे एक-दोन नकोत. लहान आतड्याच्या पहिल्या टप्प्याच्या (ड्युओडेनमच्या) दुसऱ्या भागातून निदान चार आणि अगदी सुरुवातीच्या भागातून एक-दोन घ्यावे लागतात, कारण झीज ठिपक्याठिपक्यांनी असते आणि कमी तुकड्यांत हुकते. गहू सुरू करणं अशक्यच असेल तर एचएलए डीक्यू2-डीक्यू8 ही जनुकांची तपासणी पोळी न खाताही होते. दोन्ही निगेटिव्ह आले तर सिलियाक जवळजवळ नाहीच. पॉझिटिव्ह आलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं कितीतरी धडधाकट माणसांतही असतात.

सिलियाक नाहीच निघालं तरी त्रास खरा आहे. जिआर्डिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), थायरॉइड, दूध न पचणं, आयबीएस (आतड्याची संवेदनशीलता) अशी बरीच कारणं आहेत, आणि आयबीएसवाल्यांनाही गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाने पोट फुगतं. निघालं, तर भावंडं आणि मुलांचीही तपासणी करा. सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार सापडतो.

माणसांचं म्हणाल, तर ओपीडीतल्या आहारतज्ज्ञाकडे तुमचा नंबर चिठ्ठीवर देऊन ठेवा आणि सांगा, "कोणाला बोलायचं असेल तर त्यांना द्या." त्यांच्याकडे सिलियाकच्या मुलांच्या आयाही येतात. शाळेच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळं त्यांनी निस्तरलेलं असतं, बऱ्याच डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. दिल्लीची सिलियाक सोसायटी ऑफ इंडिया आहे, तिथेही विचारा. पाच-सहा जणी जमल्या की ग्रुपला दोन नियम घाला. खाण्याच्या पाकिटाची घटक लिहिलेली मागची बाजू दिसेल असा फोटो, तारखेसह. आणि "मी खाल्लं, मला काही झालं नाही" हा पुरावा धरायचा नाही, कारण लक्षणं नसतानाही आतडं झिजतं.

पाच घरांत मिळून एक घरघंटी घेतलीत तर सोन्याहून पिवळं. गल्लीतल्या गिरणीवर गव्हामागून ज्वारी दळली की जात्यातलं उरलेलं गव्हाचं पीठ आधी तुमच्या डब्यात उतरतं. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, त्यापुढे चिमूटभर कणीकही भारी. इतवारी बाजारातून अख्खी ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ आणा, निवडा, धुवून वाळवा, आणि त्या घंटीत गहू एकदाही घालू नका. मग झुणका, गोळाभात, वडाभात सगळं चालतं. फक्त हिंग पाहून घ्या. बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते, तांदळाच्या पिठाचा मिळतो तो घ्या. भाकरी थापताना कणकेची पिठी लावायची सवय घरात असेल तर तीही सोडा. सावजीचा रस्सा बाहेर खाताना घट्ट कशाने केला ते विचारा.

सासूबाईंना ग्लुटेन शिकवत बसू नका. उपासाचं तिखट, उपासाचं तूप, उपासाचा झारा वेगळा ठेवणं त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं जमतं. तुमचा तवा, परात आणि भाकरीचा डबा उपासाचा आहे एवढंच सांगा, त्याला कणकेचा हात त्याच लागू देणार नाहीत.