इंग्रजी सामासिक नाम शेवटाकडून वाचा

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. व्याकरणाच्या पुस्तकात कंपाउंड नाउनचे, म्हणजे सामासिक नामाचे, आठ प्रकार तक्त्यात दिले आहेत : नाम अधिक नाम, विशेषण अधिक नाम, क्रियापद अधिक नाम वगैरे. तक्ता तोंडपाठ आहे, पण लिहायला बसले की अडते. 'हाउसबोट' आणि 'बोटहाउस' यांत गडबड होते, 'शूज शॉप' लिहिले की चूक धरतात. हे शब्द बनतात तरी कसे?

उत्तर : तक्ता जरा बाजूला ठेवा. तो चुकीचा नाही, पण तयार झालेल्या शब्दांची तो फक्त वर्गवारी करतो. शब्द जुळतो कसा, हे त्यातून कळत नाही. जुळवताना बहुतेक वेळा एकच गोष्ट चालते : शेवटचा शब्द मुख्य, आधीचा त्याची ओळख सांगणारा. म्हणून हाउसबोट ही बोट, जिच्यात राहता येते. बोटहाउस ही इमारत, जिच्यात बोटी ठेवतात. रेसहॉर्स हा घोडा आणि हॉर्स रेस ही शर्यत.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते, हे आपण शाळेतच शिकलो. राजपुत्र हा पुत्रच असतो, राजा नव्हे. इंग्रजीचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञही 'तत्पुरुष' आणि 'बहुव्रीही' ही नावे वापरतात, संस्कृत व्याकरणातून घेतलेली. तेव्हा इंग्रजी शब्दाचाही सरळ विग्रह करा. मात्र दोन पदांमधले नाते शब्दावर लिहिलेले नसते. ऑलिव्ह ऑइल ऑलिव्हपासून काढतात, बेबी ऑइल बाळासाठी असते. पेपर मिल कागद बनवते, विंडमिल वाऱ्यावर चालते. ते नाते आपण जगाच्या ओळखीवरून भरून काढतो.

आता तुमचे शूज शॉप. पहिला शब्द नाम असला तरी इथे विशेषणाचे काम करतो, आणि इंग्रजी विशेषणाला अनेकवचन नसते. टूथब्रशने आपण सगळे दात घासतो, तरी कोणी 'टीथब्रश' म्हणत नाही. तसेच शू शॉप, बुकशेल्फ, अॅपल ज्यूस. स्पोर्ट्स कार, सेव्हिंग्ज अकाउंट, आर्म्स रेस, कस्टम्स ऑफिसर हे अपवाद लक्षात ठेवा. त्यांतल्या बहुतेकांत पहिल्या शब्दाला अनेकवचनातच वेगळा अर्थ आहे. 'आर्म' म्हणजे हात, 'आर्म्स' म्हणजे शस्त्रे. तो एस काढला तर शस्त्रस्पर्धेची हातांची शर्यत होईल.

आपल्या चा-ची-चेच्या सवयीमुळे आणखी एक चूक होते. 'गाडीचे दार' डोक्यात असते, म्हणून आपण 'द डोअर ऑफ द कार' लिहितो. इंग्रजीत सहजपणे 'कार डोअर' म्हणतात. उलट 'अ कप ऑफ टी' आणि 'अ टीकप' यांत अदलाबदल चालत नाही. पहिल्यात चहा आहे, दुसरे नुसते भांडे, रिकामे असले तरी टीकपच.

यानंतर कानाचा भाग येतो. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे शिकवताना नेमका तोच सुटतो. सामासिक नामात जोर बहुधा पहिल्या पदावर येतो. 'ब्लॅक'वर जोर दिला की ब्लॅकबोर्ड म्हणजे फळा, मग तो हिरवा का असेना. 'बोर्ड'वर जोर दिला की कुठलीही काळी फळी. 'ग्रीन'वर जोर असलेले ग्रीनहाउस म्हणजे रोपांचे काचघर, 'हाउस'वर जोर असलेले म्हणजे हिरवे घर. वर्गात मी 'इंग्लिश टीचर' दोन तऱ्हांनी मोठ्याने म्हणायला लावते. 'इंग्लिश'वर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारी व्यक्ती, 'टीचर'वर दिला तर इंग्रज शिक्षक, मग तो गणित का शिकवीना. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. अपवाद इथेही आहेत. लंडनमधल्या 'ऑक्सफर्ड स्ट्रीट'चा जोर 'ऑक्सफर्ड'वर येतो, पण नावात 'रोड' असेल तर तो 'रोड'वर जातो. अॅपल केक आणि अॅपल पाय यांचेही तसेच : केकमध्ये जोर 'अॅपल'वर, पायमध्ये 'पाय'वर. म्हणून नवा शब्द शिकाल तेव्हा शब्दकोशातले उच्चाराचे बटण दाबून ऐकाच.

शेवटचा शब्द मुख्य हा नियम कुठे चालत नाही तेही सांगते. पेपरबॅक म्हणजे पाठ नव्हे, कागदी वेष्टनाचे पुस्तक. रेडहेड म्हणजे तांबूस केसांची व्यक्ती. हे आपल्या 'नीलकंठ'सारखे बहुव्रीही. 'पिकपॉकेट' तर पाहण्यासारखा आहे. आपण म्हणतो खिसेकापू : आधी खिसा, मग कापणे, आपल्या वाक्यात येतात त्याच क्रमाने. पिकपॉकेटमध्ये क्रियापद पुढे, कारण इंग्रजी वाक्यात ते कर्माच्या आधी येते. स्केअरक्रो म्हणजे बुजगावणे आणि ब्रेकफस्ट म्हणजे उपास मोडणे, हेही त्याच साच्यातले. पण हा साचा वापरून नवे शब्द करू नका, असे शब्द थोडेच आहेत. एरवी इंग्रजीही कर्म आधी ठेवते : टॅक्सी ड्रायव्हर, बुकसेलर, हेअरकट.

चेकआउट, ब्रेकडाउन यांत तर शेवटी नामच नाही. क्रियापद म्हणून लिहाल तेव्हा 'चेक आउट' दोन शब्दांत आणि जोर 'आउट'वर. नाम म्हणून 'चेकआउट' जोडून आणि जोर 'चेक'वर.

प्रश्न : 'मदर-इन-लॉज' की 'मदर्स-इन-लॉ'?

उत्तर : मदर्स-इन-लॉ. एस मुख्य नामाला लागतो, आणि इथे ते नाम सुरुवातीला आहे. पासर्स-बाय आणि रनर्स-अप तसेच. कोर्ट्स मार्शल म्हणजे लष्करी न्यायालये, तेही तसेच, कारण त्यात फ्रेंच पद्धतीने नाम आधी आणि विशेषण मागून येते. ज्यात शोधूनही नाम सापडत नाही, तिथे एस शेवटी : ग्रोन-अप्स, सिट-अप्स. 'वुमन डॉक्टर'चे मात्र दोन्ही पदांचे अनेकवचन होते, 'विमेन डॉक्टर्स'. एक सावधगिरी : 'सासूचे घर' म्हणताना अपॉस्ट्रॉफी एस शेवटीच लागतो, 'मदर-इन-लॉज हाउस'.

प्रश्न : मी भाषांतराची कामे करतो. जोडून लिहायचे, सोडून लिहायचे की मध्ये हायफन द्यायचा, याचा नियम सापडत नाही.

उत्तर : सगळीकडे लागू पडेल असा नियम नाही, म्हणून सापडत नाही. शब्द नवा असताना बहुधा सुटा असतो, रुळला की जोडला जातो, पण 'बस स्टॉप' इतका जुना होऊनही सुटाच आहे. शिवाय रूढी बदलते. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 2007 च्या आवृत्तीत सुमारे 16,000 शब्दांतला हायफन काढून टाकला. त्यात 'आइस क्रीम' सुटे झाले आणि 'बंबलबी' जोडले गेले. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने 'ई-मेल'मधला हायफन 2011 मध्ये काढला. तेव्हा काम सुरू करण्याआधी ग्राहकाला कोणता शब्दकोश चालतो ते विचारून घ्या, अडेल तो शब्द त्यात पाहा आणि त्या कामापुरती यादी करून ठेवा. पान तीनवर 'वेबसाइट' जोडून आणि पान दहावर तोडून आली, तर संपादक ती पहिल्यांदा पकडतो.