डब्यावरचं बारीक अक्षर आधी वाचा: ट्रॅक्टर-जेसीबीच्या ऑइलबद्दल प्रश्नोत्तरे

उन्हाळी मशागत सुरू झाली की ऑइलचे प्रश्न वाढतात, यावेळी पण तेच झालंय, त्यातले सगळ्यांच्या कामाचे आहेत ते घेतोय. बहुतेकांचं सुरुवातीलाच "कुठल्या कंपनीचं टाकू" असं असतं. कंपनी नंतर बघा. डब्यावर बारीक अक्षरात दोन गोष्टी छापलेल्या असतात, एक जाडीचा नंबर, म्हणजे १५डब्ल्यू-४० वगैरे, आणि दुसरा एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जा, म्हणजे सीएच-४, सीआय-४, सीके-४. ह्या दोन गोष्टी तुमच्या मॅन्युअलशी जुळल्या की कंपनी कुठली हा प्रश्न फार छोटा उरतो.

प्रश्न: अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे, मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० लिहिलंय पण दुकानदार म्हणतो आपल्या गरमीत २०डब्ल्यू-४० च टाका, १५ वालं पातळ होतं. खरंय का?

नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा. १०० डिग्रीला दोन्ही ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक ह्या एकाच पट्ट्यात बसावी लागते, म्हणजे भर दुपारी रोटर मारताना १५ वालं आणि २० वालं सारखंच. आणि बाहेर ४५ असो नाहीतर २५, थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी ठरलेल्या तापमानाच्या आसपासच ठेवतो, ऑइल त्याहून गरम असतं, त्यामुळे बाहेरच्या उन्हाने ऑइलचा नंबर बदलायचं काही कारण नाही.

फरक पडतो तो सकाळी सेल मारताना. १५ वालं पंपाने पटकन उचललं जातं, वर रॉकरपर्यंत आणि टर्बो असेल तर टर्बोच्या बेअरिंगपर्यंत लवकर पोचतं. निफाडकडे थंडीत पारा ५ च्या खाली येतो, तिथे पहाटे फवारणीचा ब्लोअर घेऊन द्राक्षबागेत निघणाऱ्याला हा फरक पहिल्याच सेलला कळतो. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-४० असेल तर बिनधास्त तेच टाका, ते काही वाईट ऑइल नाही. पण १५ लिहिलं असताना "जाड म्हणजे ताकदीचं" ह्या हिशोबाने २० टाकून मिळत काहीच नाही. ट्रॅक्टर खरंच गरम होत असेल तर आधी रेडिएटरची जाळी बघा, मळणीनंतर भुश्याने बुजलेली असते.

प्रश्न: नवीन ५५ एचपीचा ट्रॅक्टर घेतलाय. जुन्या ट्रॅक्टरसाठी आणलेली सीएफ-४ ची बादली घरात सीलबंद पडून आहे. नव्याला चालेल का? दोन्ही १५डब्ल्यू-४० च आहेत.

कृपा करून टाकू नका. जाडी तीच असली तरी आतला माल वेगळा आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम स्टेज ४ चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम लागू झाले, त्यामुळे नव्या इंजिनांत कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी यंत्रणा) आली, बऱ्याच मॉडेलना ईजीआर आलं, काहींना सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी आली. ईजीआर काय करतं, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतं. त्याने धुरातले नायट्रोजनचे वायू कमी होतात पण ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल वाढतं. हा भार पेलायला सीआय-४ दर्जा २००२ मध्ये आला. सीएफ-४ त्याच्या बरंच आधीचं, १९९० च्या सुमाराचं, त्यात ईजीआरचा विचारच केलेला नाही.

डीपीएफचं अजून वेगळं. त्यातली काजळी अधूनमधून जाळून टाकता येते पण ऑइल जळून जी राख होते ती जळत नाही, ती आत साचतच जाते आणि शेवटी जाळी चोंदते, आणि ही जाळी बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून २००६ चं सीजे-४ आणि २०१६ च्या डिसेंबरात आलेलं सीके-४, ह्या दोन्हीला राखेची मर्यादा १ टक्का ठेवलीय, सीआय-४ ला तशी मर्यादा नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये सीके-४ लिहिलं असेल तर सीआय-४ वर सुद्धा भागवू नका. उलट मात्र चालतं, सीएच-४ किंवा सीआय-४ मागणाऱ्या इंजिनला सीके-४ टाकलं तर काही बिघडत नाही, फक्त पैसे जास्त जातात. एफए-४ लिहिलेलं ऑइल कुणी देत असेल तर ते नको, ते पातळ असतं आणि जुन्या इंजिनांसाठी नाहीच. ती बादली जुन्या ट्रॅक्टरलाच वापरा, त्याच्या मॅन्युअलमध्ये तो दर्जा असेल तर.

प्रश्न: ऑइल बदलून आठवडा झाला नाही तोच काळं झालं. डुप्लिकेट निघालं का?

नुसतं काळं झालं म्हणून डुप्लिकेट म्हणता येत नाही. डिझेल इंजिनात काजळी होणारच, आणि चांगलं ऑइल ती काजळी स्वतःत धरून ठेवतं, पिस्टनच्या खाचेत आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या तळाला बसू देत नाही. तासन् तास काम करूनही ऑइल सोनेरीच दिसत असेल तर उलट मला ते जास्त खटकेल. घाबरायचं ते दुसऱ्या खुणांना. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट नाहीतर ऑइल कूलर बघा. लेव्हल आपोआप वाढली आणि डिझेलचा वास येतोय तर डिझेल खाली उतरतंय, नोझल नाहीतर फीड पंप. अशा वेळी ट्रॅक्टर चालवूच नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

घरी करता येईल असं एक आहे, इंजिन गरम असताना पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी डाग मधूनच कडेकडे फिकट होत पसरलेला असेल तर ऑइल अजून काजळी धरून आहे. मध्ये घट्ट काळा ठिपका आणि बाहेर नुसती पिवळट रिंग असेल तर त्याची ताकद संपलीय, बदला.

अजून एक काम करा, एअर क्लीनरकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप क्लिप सैल करून काढा आणि आतून बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर सगळ्यात महागडं ऑइल सुद्धा तुमचे रिंग-पिस्टन वाचवू शकणार नाही, कारण ती माती थेट बोअरमध्ये जाऊन ऑइलसोबत घासतेय. क्लिप, पाइपची चीर, फिल्टरचं रबर, हे पाहायला खर्च शून्य आहे. जुन्या ऑइल-बाथ क्लीनरमध्ये, म्हणजे हवेतली धूळ ऑइलमध्ये पकडणाऱ्या एअर क्लीनरमध्ये, तळाच्या वाटीत गाळ साचतो, धुळीत काम असेल तर ती रोज उघडून बघा आणि ऑइल खुणेपर्यंतच भरा, जास्त नाही.

डुप्लिकेटचा संशय असेल तर पक्कं बिल घ्या, सील आणि बॅच नंबर बघा आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी भोक पाडून द्या. डुप्लिकेटवाल्यांना तोच डबा हवा असतो.

प्रश्न: ऊस वाहतुकीला दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर चालतो. तासमीटरवर २५० झाले की ऑइल बदलतो, बरोबर ना?

मॅन्युअलमध्ये २५० असेल तर तो आकडा ठीक, पण तुमचा मीटर कसला आहे ते बघा. जुन्या ट्रॅक्टरचा तासमीटर केबलवर चालतो, घड्याळावर नाही, इंजिनच्या ठराविक आरपीएमला त्याचा एक तास होतो. कारखान्याच्या गेटबाहेर रांगेत ट्रॅक्टर तासभर हळू चालू ठेवला तर मीटर तासभर पुढे जात नाही, पण काजळी आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये जातच असतं, किंबहुना हळू चालताना जास्तच. म्हणून अशी रांग लावणाऱ्यांनी थोडं आधीच बदलावं. आणि रांगेत इंजिन बंद करा, डिझेल पण वाचेल.

अजून एक, गळीत संपला की बरेच जण जुन्याच ऑइलवर ट्रॅक्टर शेडला लावतात आणि म्हणतात पुढच्या हंगामात टाकू नवं. उलटं करा. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, पावसाळाभर ते बेअरिंगला लागून राहतं. शेडला लावायच्या आधी गरम इंजिनवर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, दहा मिनिटं चालवा, मग बंद करा.

प्रश्न: जेसीबी आहे. एकच चांगलं ऑइल इंजिन, गिअर, हायड्रोलिक सगळ्याला टाकलं तर चालेल का? स्टॉक ठेवायला सोपं पडेल.

सोपं पडेल पण मशीनला महागात जाईल. एक्सलमध्ये ब्रेकच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, त्यांना लागणारं ऑइल घसरण आणि पकड ह्याचा मेळ बसवून बनवलेलं असतं. तिथे इंजिन ऑइल नाहीतर साधं नव्वद नंबर (गिअरचं जाड ऑइल) टाकलं की ब्रेक दाबताना चर्र आवाज, थरथर आणि पुढे प्लेटा खलास. टॉर्क कन्व्हर्टरच्या ट्रान्समिशनचं ऑइल परत वेगळं, हायड्रोलिकचं वेगळं. प्रत्येक टाकीवर पेंटने ऑइलचं नाव लिहून ठेवा, ऑपरेटर बदलला तरी चूक होणार नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी पण हे ऐका. ऑइल ब्रेकच्या बऱ्याच ट्रॅक्टरना गिअरबॉक्स, ब्रेक आणि लिफ्टला एकच ऑइल असतं, त्यात नव्वद नंबर ओतू नका. आणि शेजाऱ्याची टिपिंग ट्रॉली जोडली की तिच्या सिलिंडरमधलं जुनं ऑइल तुमच्या लिफ्टमध्ये येतं. ट्रॉली उसनी आणताना तिच्यात काय टाकलंय ते विचारा, लाजू नका.

प्रश्न: पेट्रोल वीडर आणि ब्रश कटरला ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल चालेल?

चार-स्ट्रोक वीडरला मॅन्युअलमधलं, साधारण १०डब्ल्यू-३०, पेट्रोल इंजिनचं ऑइल टाका. दोन-स्ट्रोक ब्रश कटरला चेंबरच नसतं, पेट्रोलमध्येच टू-टी (दोन-स्ट्रोकचं खास) ऑइल सांगितलेल्या प्रमाणात मिसळायचं, त्यात ट्रॅक्टरचं ऑइल गेलं तर प्लग आणि सायलेन्सर कार्बनने भरतील.

प्रश्न: काढलेलं जळकं ऑइल आम्ही लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतो, राहिलेलं बांधावर ओततो. चालतं ना?

बांधावर तर बिलकुल नको, ते जमिनीत आणि शेवटी विहिरीत उतरतं. लाकडाला लावणंही सोडा, जळक्या ऑइलमध्ये कॅन्सरला कारण होणारे पदार्थ असतात, आणि त्या दाराला-खुंटाला घरची मुलंबाळं आणि जनावरं हात-तोंड लावतात. एका झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, त्यात पाणी, डिझेल, कूलंट काही मिसळू नका, आणि परवानाधारक रिसायकलरकडे जाणाऱ्या गॅरेजला द्या. स्वच्छ असेल तर त्याचे पैसे पण मिळतात. फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या, त्यात पण बरंच ऑइल अडकलेलं असतं.