शाब्दिक उदाहरण वाचलं की समीकरण कसं मांडायचं तेच सुचत नाही, काय करू?

आधी वहीत एक पूर्ण वाक्य लिहा की क्ष म्हणजे नक्की काय, बरीच मुलं इथेच अडकतात कारण ती "क्ष = नोटा" एवढंच लिहितात आणि मग तो नोटांचा आकडा आहे की रुपये तेच कळत नाही.

समजा गल्ल्यात १० आणि २० च्या मिळून ५० नोटा आहेत आणि रक्कम ७८० रुपये. १० च्या नोटांची संख्या क्ष धरली तर २० च्या झाल्या ५० − क्ष, आता पैशांचं समीकरण १०क्ष + २०(५० − क्ष) = ७८०, म्हणजे १००० − १०क्ष = ७८०, क्ष = २२. म्हणजे १० च्या २२, २० च्या २८. २२० + ५६० = ७८०, बरोबर.

वयाच्या गणितात मात्र एक सांभाळा, आई मुलीच्या तिप्पट वयाची आणि १२ वर्षांनी दुप्पट असं असेल तर मुलीचं आजचं वय क्ष धरून १२ दोघींच्या वयात मिळवायचे, ३क्ष + १२ = २(क्ष + १२), कंस विसरलात की गेलं सगळं. मुलगी १२, आई ३६. पडताळा उदाहरणातल्या मूळ वाक्यात घ्या, समीकरणात नको, कारण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर ते तिथे दिसणारच नाही.