परदेशात नोकरी चालू असताना पासपोर्टवरची लिंगनोंद बदलायची आहे. आधी काय बदलावं, आणि ‘एक्स’ (स्त्री-पुरुष सोडून तिसरी नोंद) घ्यावं का?

नोंद कोणती आहे यापेक्षा दोन कागदांवर दोन वेगळ्या नोंदी असणं जास्त नडतं. म्हणून क्रम सांभाळा. पासपोर्ट ज्या नोंदीच्या आधारे मिळतो ती आधी (कुठे जन्मनोंद, कुठे कोर्टाचा आदेश, कुठे नुसतं स्वघोषणापत्र), मग पासपोर्ट, मग वास्तव्य परवाना. बँक, कर, विमा, पगारपत्रक त्यानंतर. नावही बदलायचं असेल तर दोन्ही एकाच अर्जात उरका. नाहीतर हीच साखळी दोनदा ओढावी लागते.

जुन्या पुस्तिकेत खाडाखोड करून भागत नाही. लिंगनोंद छापील पानावर असते, तळाच्या, यंत्राने वाचायच्या 44-44 अक्षरांच्या दोन ओळींपैकी दुसरीत 21व्या जागी असते आणि चिपमध्येही असते. त्यामुळे नवी पुस्तिका निघते, आणि बहुतेक देशांत तिचा क्रमांकही नवा असतो. खरा घोळ इथेच होतो, कारण व्हिसा जुन्या क्रमांकाला बांधलेला असतो. रद्द केलेली जुनी पुस्तिका परत मागून घ्या. चिकटवलेला व्हिसा तिच्यातच असतो. ई-व्हिसा असेल तर नवा क्रमांक संबंधित खात्याला कळवून पोच मिळेपर्यंत देशाबाहेर पडू नका. असा बदल किती दिवसांत कळवायचा ते परवान्याच्या अटींत पाहा. मुदत हुकली की दंड होऊ शकतो.

आता ‘एक्स’. पासपोर्टचे आंतरराष्ट्रीय निकष त्याला मान्यता देतात. तळाच्या ओळीत मात्र त्या जागी ‘एक्स’ नाही, रिकामी जागा भरायचं ‘<’ हे चिन्ह छापतात. ते 21वं अक्षर पडताळणीच्या अंकांमध्ये (ओळ बरोबर वाचली का हे तपासायच्या आकड्यांमध्ये) धरलेलंच नाही, त्यामुळे निव्वळ त्यापायी पासपोर्ट वाचणारं यंत्र अडायचं कारण नाही. अडतो तो यजमान देशाचा अर्ज, ज्यात दोनच पर्याय असतात. मग परवान्यावर काय छापणार, हे आधी लेखी विचारा. न विचारता कारकुनाने टाकलेली नोंद पुढे वर्षभर निस्तरावी लागते. धोरणंही फिरतात. अमेरिकेने एप्रिल 2022 मध्ये ‘एक्स’ द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी 2025 मध्ये ते थांबवलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये तशी मागणी फेटाळली. नोकरी ज्या देशात आहे तिथे तिसरा रकाना नसेल, तर माझ्या मते ‘एक्स’ची घाई नको. आणि जिथे पारलिंगी असणंच कायद्याने अडचणीचं आहे, तिथे अर्ज करण्याआधी वकील गाठा.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात वापरण्यासाठी त्यावर मिळणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राबद्दल, बराच गैरसमज आहे. त्याने सही-शिक्का खरा असल्याचं कळतं. आतला मजकूर परदेशी खात्याने मानलाच पाहिजे, असं नाही. म्हणून नाव किंवा लिंग बदलल्याच्या आदेशाची प्रत, जुनी-नवी दोन्ही नावं त्यात असलेली, आणि तिचं अधिकृत भाषांतर जवळ ठेवा. पदवी, अनुभवपत्रं जुन्या नावाची असतील तर हाच कागद दुवा ठरतो.

फोटो नवा द्या. चिपमधला चेहरा आताच्या चेहऱ्याशी जुळला नाही तर विमानतळावरच्या पासपोर्ट तपासणीचं स्वयंचलित दार उघडत नाही; तेव्हा सरळ अधिकाऱ्याच्या खिडकीशी जा. तिकिटावर नाव आणि लिंग पासपोर्टप्रमाणेच भरा, आणि नवा पासपोर्ट येण्याआधी काढलेली तिकिटं प्रवासापूर्वी दुरुस्त करून घ्या.