‘द इन्सिडेंट’ आता का भिडत नाही?

प्रश्न : ताई, मी गंगापूर रोडला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश रॉक बँड माझा सगळ्यात लाडका. अकरावीत त्यांच्या ‘द इन्सिडेंट’ या अल्बमची पारायणं केली, आता तो अर्ध्यावर बंद करतो. तेव्हा कंटाळवाणा वाटलेला ‘द स्काय मूव्ह्ज साइडवेज’ मात्र रोज लावतो. मित्र म्हणतात, सारखं मत बदलणारा तू कसला फॅन? आणि त्यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष न ऐकता मत बनवावं का?

उत्तर : मित्रांचं मला अजिबात पटत नाही. १९९५चा ‘स्काय’ आणि २००९चा ‘इन्सिडेंट’ एकाच नावाने निघाले, पण जवळजवळ दोन वेगळे बँड आहेत ते. गायक-गिटारवादक स्टीव्हन विल्सनने १९८७मध्ये हे काम एकट्याने, घरच्या रेकॉर्डिंगवर सुरू केलं. ‘स्काय’मध्ये सूर नुसते तरंगत राहतात, कुठे पोचायची घाई नाही. २००२मध्ये ड्रमवर गॅव्हिन हॅरिसन आला आणि ‘इन अ‍ॅबसेन्शिया’ या अल्बमपासून गिटारला मेटलचं, म्हणजे जड रॉकचं, वजन आलं. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना दणका लगेच पटतो. हॅरिसन मात्र ठोका अपेक्षेच्या जागेवरून किंचित सरकवतो, मध्ये मोकळं सोडतो. त्याची गोडी हळूहळूच लागते.

‘इन्सिडेंट’बद्दल मी तुझ्याच बाजूची. सलग ५५ मिनिटांची, १४ तुकड्यांची रचना. त्यातलं ‘टाइम फ्लाइज’ मी आजही पूर्ण ऐकते, पण आजूबाजूचे कितीतरी तुकडे फक्त सांधायला घातल्यासारखे वाटतात. याउलट त्यांचा ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ हा अल्बम. तो २००७मध्ये बाजारात आला, पण त्यातलं संगीत २००६च्या दौऱ्यातच ते लोकांपुढे वाजवत होते. श्रोत्यांसमोर घासून निघालेलं काम आहे ते, ऐकताना जाणवतंच. सतरा मिनिटांच्या ‘अ‍ॅनेस्थेटाइज’मध्ये एक क्षण ढिला नाही! माझ्या यादीत तो पहिल्यापासून वर आहे, अजून हललेला नाही.

आता कार्यक्रमाचं. डिसेंबर २००९मध्ये हा बँड पवईला आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात आला, तेव्हा कसारा घाट उतरून मी गेले होते. ‘इन्सिडेंट’चाच दौरा चालू होता. ड्रम कानाआधी छातीत शिरतो, कॉलिन एडविनच्या बेस गिटारचा सूर पायाखालून येतो. परत आले ती तो अल्बम डोक्यावर घेऊनच. पुढे घरी, हेडफोनवर, शांतपणे ऐकताना ते सांधे दिसायला लागले. त्या रात्रीचं खरं होतं, हेही खरं आहे. म्हणून कार्यक्रमाचं मत कार्यक्रमापुरतं ठेव, अल्बमचं अल्बमपुरतं. कार्यक्रम हुकला म्हणून तुझं मत कमी वजनाचं ठरत नाही.

२०२२चा ‘क्लोजर/कंटिन्युएशन’ हा अल्बम तुझ्या पत्रात नाही, तो ऐकच. पहिलं गाणं, ‘हॅरिडन’, पाच मात्रांवर चालतं. पाच-पाच मात्रांच्या दोन भागांचा झपताल ओळखीचा असेल तर हातावर मोजत ऐक, हॅरिसन समेला कुठे कुठे हुलकावणी देतो ते सापडेल. आणि मैफलीची भूक असेल तर ऑक्टोबर २००८चं नेदरलँड्समधल्या टिलबर्गचं चित्रण मिळव. ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ त्यात सगळा वाजवलाय, आणि बेसवर एडविन आहे. २०२२च्या अल्बममध्ये तो नाही, बेस विल्सनच वाजवतो. ते मला अजून खटकतं.