डेपोकडे निघालेल्या ट्राममध्ये प्रवासी बसू शकतात का?

टोरांटोपुरतं सांगायचं तर हो, सहसा बसू शकतात, आणि हे अगदी योग्य आहे असं मला मनापासून वाटतं.

रूळ असल्यामुळे ट्रामला आडवाट नसते. स्पॅडायना रस्त्यावरच्या ५१० मार्गाचंच बघा. या मार्गावर डेपोच नाही. पहाटे लेस्ली डेपोतून निघालेली गाडी दुसऱ्या मार्गांच्या रुळांवरून, त्यांच्याच थांब्यांजवळून स्पॅडायनाला पोहोचते. चालक कामावर आहे, वीज जळतेच आहे. मग ३० मीटर लांबीची रिकामी गाडी थंडीत उभ्या असलेल्या माणसांसमोरून न थांबता का न्यायची? शिवाय ट्रामला ओव्हरटेक करता येत नाही. पुढची गाडी थांब्यावर माणसं घेत असेल तर मागच्या रिकाम्या गाडीलाही थांबावंच लागतं, त्यामुळे वेळही फारसा वाचत नाही.

अडचण एकच, गाडी मध्येच वळते. क्वीन स्ट्रीटवरून सरळ जाईल म्हणून तुम्ही निवांत बसता आणि ती लेस्ली रस्त्याच्या कोपऱ्यावर डेपोकडे, म्हणजे दक्षिणेला वळते. म्हणून नुसता मार्गाचा नंबर पाहून चढू नका, गाडीच्या पुढच्या बाजूची पाटी पूर्ण वाचा. शंका आली तर चालकाला "कुठपर्यंत जाणार?" एवढं विचारा. वळणाआधी उतरावं लागलं तरी प्रेस्टो या भाड्याच्या कार्डावर २०१८ पासून दोन तासांत गाडी बदलायची मुभा आहे, तेवढ्या वेळात मागून येणाऱ्या गाडीचं वेगळं भाडं पडत नाही.